अरुंधतीबाईंचा एकच गिलास

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा छापलेला असतो. तो कुणी काढला हे पिशवी फोडणाऱ्याला माहीत नसतं. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत बत्तीस वर्षं तो आकडा काढणाऱ्या हातांत दोन हात अरुंधतीबाईंचे होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची सुरळी करून उबेच्या कपाटात उभी ठेवायची, आणि ठरल्या दिवशी उलगडून किती 'उठले' ते मोजायचं. उगवले असं बाई कधी म्हणायच्या नाहीत. "शंभरातले एक्याण्णव उठले," म्हणायच्या, जसं काही पोरांना शाळेसाठी हाका मारून आल्यात.

मोजणं तिथं सगळ्यांनाच यायचं. बाईंचं नाव होतं ते नाकामुळं. एकदा बाजरीची गाडी आली. ओलाव्याचं यंत्र म्हणालं, माल बराबर आहे. बाईंनी पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी धरली. "साहेब, हा माल बंद खोलीत निजलाय. कोंदट वास येऊन राह्यला." साहेब हसले. सातव्या दिवशी सुरळ्या उलगडल्या तर शंभरातले अठ्ठावन्न. त्यानंतर गाडी लागली की साहेब यंत्र मागवायच्या आधी म्हणायचे, "बाईंना बोलवा."

हे नाक बाई माहेराहून, तीर्थपुरीहून, घेऊन आल्त्या. वडील तिथं मास्तर, मामाची मोसंबीची बाग. कोणत्या झाडाचं फळ तोडायला आलं हे लहानपणी डोळे मिटून सांगायच्या, आणि मामा त्यावर पाहुण्यांशी पैजा लावायचा.

नवरा गजानन सिंचन खात्यात कारकून. माणूस सज्जन, बोलका, कुणाच्याही लग्नात पंगतीला वाढायला पुढं. सवय एकच. संध्याकाळ झाली की अंबड रस्त्याला तातेरावाच्या आखाड्यावर जायचं. तातेराव म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, आणि आखाडा म्हणजे त्याच्या शेतातलं पत्र्याचं खोपट. तिथं बाजेवर बसून प्लास्टिकच्या गिलासात व्हिस्की, खारे शेंगदाणे आणि जगभराच्या गप्पा. किती प्याली याची मोजदाद कुणीच करायचं नाही. आयुष्यभर दाणे मोजणाऱ्या बाईंना हेच जास्त खुपायचं.

गजाननराव रिटायर झाले त्या वर्षी आखाड्यावरून येताना त्यांची स्कूटी रस्त्याकडंच्या पाण्याच्या चारीत गेली. खांद्याचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. हात सुटला त्या दिवशी बाईंनी समोर बसून सांगितलं,

"सोडा असं म्हणत न्हाई. म्हणू म्हणू तीस वर्षं गेली. पण आता प्यायची तर घरी. बसून. काचेच्या गिलासात. आन् एकच."

"घरात एकटं बसून पितंय का कुणी? औषध घेतल्यावाणी?"

"मंग औषधावाणी लागणार न्हाई अशी करून देते. पण तुम्हाला चारीतून उचलायला मला पुन्हा बोलावणं येऊ नये."

पुण्याला नोकरी करणारी लेक जान्हवी फोनवर हे ऐकून आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, एक जुनी रीत आहे. दोनशे वर्षांपूर्वीची. व्हिस्की, थोडी साखर, पाण्याचा थेंब आणि कडवटाचे चार थेंब. वर संत्र्याची साल. नावच ओल्ड फॅशन्ड."

"म्हणजे आपल्यासारखंच," मागून गजाननराव.

"कडवट कशाचं असतंय?" बाईंनी विचारलं.

"सालींचं, मुळ्यांचं. छोटी बाटली मिळते. जालन्यात नाही मिळायची."

"मंग घरी करू."

असं ते सुरू झालं. बाईंनी नवी वही उघडली. पहिल्या पानावर तारीख, खाली नमुना क्रमांक एक. बरणीत व्हिस्की, त्यात उन्हात वाळवलेली मोसंबीची साल, काडेचिराईताच्या दोन काड्या, दालचिनी, लवंग, वेलदोडा, सुंठीचा तुकडा. हे सगळं घटस्थापनेच्या आसपास भिजत घालायचं आणि दसऱ्याच्या मागंपुढं गाळायचं, कारण आपल्याकडं तेव्हाच पाऊस सरतो, दुपार भाजून काढते आणि संध्याकाळ एकदम हलकी होते. रस्त्यावर सोयाबीनचा भुस्सा उडत असतो, मोसंबीचा माल मंडीत उतरलेला असतो. अशा संध्याकाळीच ते पेय शोभतं असं बाईंचं मत. बाकी आठ महिने गजाननरावांना साधं व्हिस्की-पाणी, तेही एकच, आणि ते बिचारे दसऱ्याची वाट बघत तेवढ्यावर भागवायचे.

शेजारी संतोषबाई. त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या, बाजारात किराणा, जिभेवर मारवाडी-मराठी-हिंदी सगळं एकत्र. सुंठ त्यांच्याकडूनच यायची. पहिल्या वर्षी भिंतीवरून पुडी देताना म्हणाल्या, "ताई, सुंठ कशाला पाह्यजे? खोकला झाला का?"

"न्हाई भाभी. ह्यांच्या दारूला मसाला करून राह्यले."

संतोषबाई पुडी हातात धरून तशाच उभ्या. "हे राम. आमच्या घरी लोणच्याला मसाला करतेत. एका कोपऱ्यात देवीचा घट, दुसऱ्या कोपऱ्यात भाईसाबचा घट!" पण पुडी दिली. पुढच्या वर्षी न मागता दिली.

करण्याची रीत बघण्यासारखी होती. दिवे लागले की बाई जाड बुडाचा गिलास पुसून घ्यायच्या. त्यात चहाचा अर्धा चमचा गुळाचा पाक. प्रयोगशाळेतल्यासारख्या ड्रॉपरनं कडवटाचे सहा थेंब. मापानं साठ मिली व्हिस्की. स्टीलच्या वाटीत गोठवलेला बर्फाचा एकच मोठा गड्डा. मग लांब दांड्याच्या चमच्यानं सावकाश चाळीस वेढे. शेवटी हिरव्या मोसंबीची बोटभर साल, आतलं पांढरं खरवडून काढलेली. ती पेटत्या काडीजवळ धरून गिलासावर मुरडायची. सालीतलं तेल उडून काडीवर चर्र ठिणग्या व्हायच्या आणि ओसरीभर मोसंबीचा वास सुटायचा. भिंतीपलीकडून संतोषबाई ओरडायच्या, "झाली का भाईसाबची दिवाळी?"

हे सगळं बाई निव्वळ वासावर करायच्या. जिभेला त्यांनी ते कधी लावलं नाही. लावणार नाही असं कुणाला बोलल्याही नव्हत्या. बरणी उघडायच्या, झाकणाचा वास घ्यायच्या, वहीत लिहायच्या: 'आज साल वर आली. लवंग मागं. अजून दोन दिवस.' कधी सातव्या दिवशी गाळायच्या, कधी अकराव्या. गिलास तयार झाला की नाक जवळ नेऊन कधी सातवा थेंब टाकायच्या, कधी नाही. आणि गजाननराव घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, पाऊण तास तो गिलास पुरवायचे. दुसरा मागितला नाही. तातेराव फोन करकरून थकला. चार वर्षं असं चाललं. बाईंनी नवऱ्याला बांधून ठेवलं म्हणणारे लोक होते, पण त्यांनी तो गिलास बघितला नव्हता.

यंदा गणपतीत बाईंना ताप आला. चार दिवस अंथरुणाला, मग उतरला. पाचव्या दिवशी त्या ओट्याशी उभ्या असताना भिंतीवरून संतोषबाईंची आरोळी आली, "ताई, ओ ताई! दूध जळून राह्यलं! गल्लीभर धूर!" बाईंनी वळून बघितलं तर पातेलं काळं झालेलं. त्या पातेल्यापासून दोन हात अंतरावर उभ्या होत्या, आणि वास शून्य.

"लक्ष नव्हतं भाभी," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी एकेक डबा उघडून बघितला. हिंग, जिरं, कापूर, ओला झालेला फडका. कशालाच काही नाही. डॉक्टर म्हणाले, तापानं होतं असं, येईल परत, महिना लागेल का सहा, सांगता येत नाही. बाईंनी घरी एवढंच सांगितलं की डॉक्टरनं गोळ्या दिल्या. ज्या नाकावर बत्तीस वर्षं नोकरी केली ते गेलं हे बोलून दाखवायला जीभ रेटेना. दुसरं एक कारण होतं, ते त्या स्वतःशीसुद्धा हळूच बोलत होत्या. नाक गेलं म्हणजे गिलास गेला, आणि गिलास गेला की अंबड रस्ता फार लांब नाही.

घटस्थापना आली. बाईंनी वहीत बघून सगळं मापानं घातलं. रोज बरणी उघडून झाकण नाकाशी धरायच्या. काहीच येत नव्हतं. वाटायचं, अजून उतरलं नसेल. दसरा गेला. थांबल्या. कोजागिरी गेली, दूध आटवून झालं, तरी थांबल्या. एकोणिसाव्या दिवशी म्हणाल्या, आता किती बघायची वाट, आणि गाळलं. थेंब टाकताना सहावर हात थांबेना. पोचलंय का नाही ते कळत नव्हतं, म्हणून बारा टाकले.

गजाननरावांनी घोट घेतला. क्षणभर थांबले. म्हणाले, "मस्त."

"खरंच?"

"हो की. एकदम जुन्यावाणी."

त्या संध्याकाळी बाई आत जाऊन शांत झोपल्या असत्या, पण स्वयंपाक व्हायचा होता. भाकऱ्या टाकता टाकता त्या गुणगुणत होत्या.

पुढं रोज गिलास मात्र लवकर रिकामा व्हायला लागला. पाऊण तासाचा दहा मिनिटांवर आला. आणि मग गजाननराव चपला घालायचे. "जरा पाय मोकळे करून येतो." जेवायच्या वेळेला परत. तोंडात बडीशेप.

आठव्या दिवशी सकाळी बाई ओसरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला वाकल्या आणि थबकल्या. कुंडीला मुंग्यांची रांग. रोगराई झाली का म्हणून पानं उलटून बघितली. पानं चांगली. मुंग्या पानांवर नव्हत्याच, मातीत होत्या, एकाच बाजूला, गजाननरावांच्या खुर्चीच्या बाजूला. बाईंनी काडीनं माती उकरली. चिकट. त्यांना उलगडायला वेळ लागला नाही. गुळाचा पाक मुंगी सोडत नाही.

पाण्याचा तांब्या तिथंच ठेवून त्या भिंतीशी गेल्या. "भाभी!"

संतोषबाई पापड उलटत होत्या. "काय ताई?"

"कढीपत्त्याच्या मातीत गुळाचा पाक सापडला, मुंग्या लागल्यात. एक विचारते. खरं सांगा. आमचे हे संध्याकाळी परत येतेत तेव्हा गेटात तुम्हाला दिसतेत ना?"

संतोषबाईंचा हात थांबला. "दिसतेत."

"वास येतो का?"

"ताई, मी चार दिवस झाले बोलू का न्हाई करून राह्यले. येतो. जुना वास. आखाड्याचा." मग डोळे बारीक करून, "पण तुम्ही मला कामून विचारता? तुमचं नाक तर अख्ख्या जालन्यात..."

"गेलं," बाई म्हणाल्या. "गणपतीपासून. काहीच येत न्हाई."

"काहीच?"

"दूध जळाल्याचं तुमचं ओरडणं आलं, वास न्हाई आला."

संतोषबाई पापड तसेच टाकून भिंतीशी आल्या. "हाय राम. म्हणजे भाईसाब पिऊन येतेत, तुमच्या बाजूला बसून जेवतेत, आन् तुम्हाला पत्ता न्हाई. बिलकुल?"

"बिलकुल."

"सांगितलं का त्यांना?"

"न्हाई."

"मंग सांगा ना! का मुंग्यांकडून निरोप धाडता?"

त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर बाईंनी नेहमीसारखा गिलास पुसला, पाक घातला, थेंब टाकले, बर्फ फिरवला. काडी पेटवली, ठिणग्या उडाल्या. गिलास गजाननरावांपुढं ठेवला. रोज त्या यानंतर आत जायच्या. आज स्टूल ओढून समोर बसल्या.

गजाननरावांनी गिलास उचलला, खाली ठेवला. "तुला भाकरी टाकायची न्हाई का?"

"टाकीन. प्या तुम्ही."

"पितो की. घाई काय?"

बाईंनी हात पुढं करून गिलास आपल्याकडं ओढला. चमच्याचं टोक त्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आधी गोड लागलं, मग जाळ, आणि मागून काडेचिराईत असं उसळून आलं की त्यांचा चेहरा पिळून निघाला. डोळ्यांतून पाणी.

"हे," त्या खोकत म्हणाल्या, "हे आठ दिवस पिऊन राह्यले तुम्ही?"

गजाननराव जमिनीकडं बघत होते. "पिलो म्हणजे..."

"माहितीय मला. कढीपत्ता पिऊन राह्यला."

यावर त्यांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन विझलं. ते खुर्चीच्या हातावरचा रंग नखानं खरवडायला लागले. मग म्हणाले, "मला वाटलं तू मुद्दाम कडू केलं."

"मुद्दाम?"

"मी सोडावी म्हणून. म्हणलं चार वर्षं इतकं प्रेमानं दिलं, आता कंटाळली. तोंडानं सांगायचं सोडून काढा पाजून राह्यली. मंग मलाही राग आला. म्हणलं, जातो आखाड्यावर."

"आन् मस्त कामून म्हणलात?"

"पहिल्या दिवशी तुझं तोंड बघून म्हणलं. नंतर म्हणायची सवय लागली."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. ते पाणी चिराईताचं होतं असं त्या अजून सांगतात. "मला वासच येत न्हाई हो," त्या म्हणाल्या. "ताप आल्ता तेव्हापासून. बरणी उघडायची आन् वाट बघायची. वास आला न्हाई म्हणून गाळलं न्हाई. एकोणीस दिवस. तुम्ही बाजूला बसून जेवलात तरी कळलं न्हाई मला कुठून आलात ते."

गजाननराव उठले. गिलास घेऊन मोरीत रिकामा केला, विसळून आणला, पालथा ठेवला. परत खुर्चीत बसले. फोन वाजला. तातेराव. त्यांनी तो वाजू दिला.

"बोलली असतीस तर," ते म्हणाले.

"तुम्ही तरी कुठं बोललात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नवी बरणी धुऊन सुकवली. मंडीतून ताजी मोसंबी आली, साल काढून पत्र्यावर वाळत पडली. संतोषबाईंनी सुंठीची पुडी भिंतीवर ठेवली आणि मुंग्यांची चौकशी केली. बाईंनी वहीचं नवं पान काढलं आणि गजाननरावांना समोर बसवलं.

"आमच्या प्रयोगशाळेत एक नेम होता. एकाच सुरळीचे उठलेले दाणे दोघांनी मोजायचे. एकमेकांना न सांगता. चिठ्ठीवर आकडा लिहायचा, घडी घालायची, मंग दोन्ही चिठ्ठ्या सोबत उघडायच्या. जमल्या तर ठीक. न्हाई जमल्या तर तिसरा माणूस."

"मंग?"

"नाक तुमचं. जीभ माझी. रोज संध्याकाळी."

"तू चव घेणार?"

"एक थेंब. ड्रॉपरनं. माझ्याकडं आता तेवढंच राह्यलंय."

साल वाळून बरणी भरली, त्या पहिल्या संध्याकाळी गजाननरावांनी बरणीत नाक घातलं आणि लिहिलं: 'दारूचा वास.' बाईंनी चिठ्ठी वाचून परत दिली. "हे तर बाटलीवर पण लिहिलंय. काय वर आलं, काय मागं आहे ते लिहा." दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'लवंग. बाकीचे गर्दीत.' तिसऱ्या दिवशी त्यांना मोसंबी ओळखता आली आणि ते इतके खूश झाले की घडी घालायच्या आधीच ओरडले. बाईंनी ती चिठ्ठी रद्द केली. नेम म्हणजे नेम. पाचव्या दिवशी तातेरावाचा फोन आला तेव्हा ते झाकण नाकाशी धरून बसले होते. त्यांनी फोन उचलला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आता न्हाई. काम करून राह्यलो," आणि ठेवला. रिटायर झाल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं नव्हतं.

त्या दिवसांत ते बाईंनी दिलेलं साधं व्हिस्की-पाणी पीत होते. एकच. बाई रोज त्यांना विचारू शकल्या असत्या, आज कुठं गेल्ता का, पण त्यांनी विचारलं नाही. संतोषबाईंनाही विचारलं नाही. संतोषबाईंनी मात्र न विचारता चार दिवस भिंतीवरून मान हलवून खूण केली: वास न्हाई.

आठव्या संध्याकाळी चिठ्ठ्या उघडल्या. गजाननरावांची: 'झालं. साल पुढं, दालचिनी बाजूला, कडू मागं उभं.' बाईंची: 'अजून एक दिवस.'

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या वहीवर शेजारी ठेवल्या.

"आता तिसरा माणूस," गजाननराव म्हणाले. "तातेरावाला बोलवू का?"

"त्याला वास कळत असता तर तो आखाड्यावर बसला असता का? भाभी! ओ भाभी!"

संतोषबाईंनी आधी कानावर हात ठेवले. मग बरणी आणि त्यांच्यात भिंत राहील या अटीवर तयार झाल्या. पदर तोंडावर घट्ट धरला, नाक तेवढं उघडं ठेवलं. "मुंह न्हाई लावणार, आधीच सांगते. जल्दी करा." बाईंनी बरणी भिंतीवर ठेवून झाकण काढलं. संतोषबाई वाकल्या. एकदा वास घेतला. परत घेतला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा गजाननराव म्हणाले, "भाभी, संपंल ती."

"चूप बसा," संतोषबाई म्हणाल्या. "ताई, ह्याच्यात आमच्या माँसा, म्हणजे माझ्या आईच्या, मुखवासाच्या डब्बीचा वास येऊन राह्यला. बराबर तोच. आणखी ठेवाल तर बिघडंल."

बाईंनी गजाननरावांकडं बघितलं. त्या नाकाकडं, जे चार वर्षं फक्त आयतं घेत होतं. मग आपली चिठ्ठी चुरगाळली, फडकं घेतलं आणि बरणी गाळायला बसल्या. वहीत लिहिलं: 'नमुना पाच अ. आठवा दिवस. नाक: ग.'

त्याच संध्याकाळी पहिला गिलास झाला. पाक, सहा थेंब, साठ मिली, बर्फाचा गड्डा, चाळीस वेढे. साल मुरडली, काडीवर ठिणग्या उडाल्या, आणि बाई सवयीनं पुढं वाकून थांबल्या, मग मागं झाल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

गजाननरावांनी गिलास नाकाशी धरला. "मोसंबी. हिरवी. तुझ्या मामाच्या बागेत सकाळी गेल्तो, लग्नानंतर, तशी." मग घोट घेतला. "एक थेंब अजून टाक."

बाईंनी सातवा थेंब टाकला. ते मागं टेकले. पाऊण तास लागला तो गिलास संपायला, आणि त्या पाऊण तासात बाईंच्या भाकऱ्या झाल्या, संतोषबाईंची आरती झाली, तातेरावाचा फोन दोनदा वाजून गेला. तिसऱ्यांदा गजाननरावांनी उचलला. "मी न्हाई येत. तूच ये उद्या इकडं. पण आधीच सांगून ठेवतो, एकच भेटन. आन् चिठ्ठी लिहावी लागन."

कढीपत्त्याच्या कुंडीतल्या मुंग्या आणखी दोन दिवस येऊन बघून गेल्या. मग त्यांनीही येणं सोडलं.